आबा परबांचा फोटो

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. पक्षात सांगायचा तर प्रश्नच नाही — तिथे एकाच्या कानात घातलं की चहा येईपर्यंत सगळ्या विभागाला कळतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. की ओळखता? लालबागमध्ये राहत असाल तर माझा चेहरा पाहिला असेल, सिग्नलजवळच्या बॅनरवर, हात जोडलेले. त्या हसण्याकडे फार लक्ष देऊ नका.

दमलोय मी. काम करून नाही, कामाला मी कधी मागे नव्हतो. एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांभाळत बसण्याचा हा थकवा आहे.

आमचा पक्ष फुटला हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. आधी सत्ता गेली, आम्ही विरोधी बाकांवर बसलो, पक्षाची धुरा मॅडमकडे आली आणि मग फूट पडली. तेव्हापासून जो उठतो तो म्हणतो, या बाईने पक्षात फूट पाडली. टीव्हीवर म्हणतात, वडापावच्या गाडीवर म्हणतात. मीही मान डोलावतो. काय करणार? मान डोलावणं सोपं असतं.

मॅडम सोप्या नव्हत्या, हे कबूल. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, पेशाने वकील, बोलायला फटकळ. बैठकीला उशिरा आलेल्या माणसाला, मग तो कितीही ज्येष्ठ असो, दारातून परत पाठवायच्या. आल्या आल्या दोन गट पडले — मॅडमवाले आणि जुने. जुन्यांतल्या काहींना खरं तर त्यांचं आडनाव खुपत होतं. ते तसं कधी बोलले नाहीत, 'कामाची पद्धत' असं म्हणायचे. त्यांच्यासोबत मीही चहा प्यायलोय, आणि गप्प बसलोय. तेही इथेच बोलून टाकतो.

आबा परब मात्र त्यातले नव्हते. आबा म्हणजे आमच्या विभागाचे अध्यक्ष, आमच्याच चाळीतले, मालवणकडचे. मला पक्षात आणलं ते त्यांनी. मैद्याची खळ कशी शिजवायची, पोस्टर कुठून चिकटवायला घ्यायचं म्हणजे सुरकुती पडत नाही, लोकांच्या दारात उभं राहून काय बोलायचं आणि काय नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. माझे वडील केईएमच्या वॉर्डात शेवटचे पडून होते तेव्हा त्यांच्या उशाशी माझ्यापेक्षा जास्त वेळ आबा बसले होते. मॅडमबद्दल त्यांची तक्रार एकच होती — नवीन आहे, एकदा येऊन आम्हा जुन्या माणसांना भेटायला नको का? त्या पलीकडे काही नाही. तेवढ्यावर कुणी पक्ष सोडतं का?

आता बॅनरचं सांगायला हवं, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. आमच्याकडे कुणाला काढायचं झालं तर पत्र पाठवत नाहीत. फोन नाही, बोलणं नाही. पुढच्या बॅनरवर त्याचा फोटो नसतो, बस्स. ज्याला समजायचं त्याला समजतं. नवा बॅनर लागला की आमची माणसं आधी मजकूर वाचत नाहीत, खालच्या रांगेतले चेहरे बघतात — कोण आहे, कोण गेला, कोण सरकून पुढे आला. हेही मला आबांनीच शिकवलं होतं, हसत हसत, एका बॅनरखाली उभं राहून.

मॅडम पहिल्यांदा लालबागला येणार होत्या. स्वागताच्या बॅनरचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या कार्यालयातून फोन आला होता, की बॅनरवर फार गर्दी करू नका, मॅडमना आवडत नाही. एवढंच. आबांचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही. गर्दी नको म्हणजे कोण नको — ते मी ठरवलं.

भायखळ्याला प्रिंटरच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसलो होतो. स्क्रीनवर खालच्या रांगेत डावीकडून पहिले आबा, जाड चष्म्याचे. प्रिंटर माझ्या ओळखीचा, त्याने दोनदा विचारलं, "परबकाकांना काढू? नक्की ना?" मी म्हटलं, काढ. त्याने काढलं आणि माझा फोटो सरकवून तिथे आणला. मला आठवतंय, मी त्याला माझा चेहरा थोडा मोठा करायला सांगितला.

का केलं? भीती होती, की मॅडम जुन्यांना दूर करणार आणि आबांचा माणूस म्हणून मीही जाणार. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की मला अध्यक्ष व्हायचं होतं आणि आबा म्हातारे होत नव्हते.

बॅनर लागला. सकाळी आबा दूध आणायला निघाले आणि त्याखाली थांबले. मी समोरच्या फुटपाथवर होतो. पळून जाता आलं असतं, पण त्यांनी बघितलं. रस्ता ओलांडून आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "विजू, माझो फोटो खंय रे?"

फोटो राहून गेला, असं म्हणता आलं असतं. प्रिंटरची चूक झाली, दुपारपर्यंत बदलतो, असंही म्हणता आलं असतं. तेही खोटंच, पण त्या खोट्याने कुणाचं घर मोडलं नसतं. मी काय म्हणालो? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आबा, तुमच्यापासून काय लपवू? वरून आदेश आला. मॅडमनी स्वतः तुमचं नाव घेऊन सांगितलं."

बघा, किती सहज बोललो मी ते.

आबा स्वागताला आले नाहीत. त्यानंतर कार्यालयातही आले नाहीत. जुन्यांचा गट पक्षातून वेगळा व्हायच्या तयारीत होता; आमच्याबरोबर चला म्हणत त्यांची माणसं आबांकडे खेपा घालू लागली. आबा त्यांना हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. मी मात्र जायचो. हो, जायचो! त्यांच्या घरी बसून सोलकढी प्यायचो. एकदा त्या वाटीकडे बघत ते म्हणाले, "ती एकदा घराक इली असती ना, तर मी खंयच गेलंय नसतंय." एकदा घरी आली असती तर मी कुठेच गेलो नसतो. हे त्यांनी मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

आणि ती येणार होती. हेच ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतोय.

काही दिवसांनी मॅडम एका कामगाराच्या घरी भेटायला आमच्या भागात आल्या. परतताना मी गाडीत होतो. आमच्या चाळीसमोर गाडी अडकली आणि त्यांनी विचारलं, "परब इथेच राहतात ना? सगळे त्यांचं नाव घेतात, आणि माझी त्यांची अजून भेटच नाही. माझंच चुकलं, पहिल्याच दिवशी जायला हवं होतं." त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. "चला, वर जाऊन येऊ. चहा तरी देतील की नाही?"

दुपारची वेळ होती. आबा घरीच होते, मला माहीत होतं. वर गेलो असतो तर पाच मिनिटांत कळलं असतं, की कसला आदेश आणि कुणी दिला.

मी म्हटलं, "नको मॅडम. ते तुमचं नाव ऐकायला तयार नाहीत. चाळीत तमाशा होईल. आणि तुमच्याबद्दल, तुमच्या जातीबद्दल जे बोलतात, ते मला तुमच्या तोंडावर सांगवत नाही."

आबा असलं एक अक्षर कधी बोलले नव्हते. मी ते जुन्यांच्या चहावरून उचललं आणि त्यांच्या नावावर टाकलं. मॅडमनी कडीवरचा हात काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. हे आपल्याला नवीन नाही, अशा नजरेने त्यांनी फक्त समोर बघितलं. म्हणाल्या, "बरं. मग राहू दे."

त्याच आठवड्यात जुन्यांच्या गटाने वेगळी चूल मांडली आणि आबा त्यांच्या स्टेजवर दिसले. त्यांच्या मागून अर्धा विभाग गेला, कारण लोक पक्षाला नाही, आबांना ओळखत होते. आमच्या चाळीत भावाभावांचं बोलणं बंद झालं. निवडणुकीत आम्ही पडलो, तेही पडले. त्या गटाने आबांचा सत्कार केला, शाल दिली आणि पुढच्या बॅनरवर त्यांचा फोटो टाकला नाही. मी अध्यक्ष झालो. अजून आहे.

मॅडमना लोक शिव्या देतात. इतर ठिकाणचं मला माहीत नाही, त्यांच्याही चुका असतील. पण लालबागमध्ये त्यांनी काहीच फोडलं नव्हतं. इथे फोडलं ते मी.

आबा आता थकलेत. राजकारणाचा विषय निघाला की सगळ्यांवर तोंड टाकतात — मॅडमवर, जुन्यांवर, पुढाऱ्यांच्या सात पिढ्यांवर. परवा मी जिन्यातून उतरत होतो तेव्हा ते गॅलरीत नातसुनेला सांगत होते. मी दिसताच माझ्याकडे बोट केलं, अभिमानाने. "सगळे माझ्याशी खोटा बोलले," म्हणाले. "एकट्या ह्या विजूनच काय ता खरा तोंडार सांगल्यान."

मी हसलो, हात जोडले आणि खाली उतरलो.