आधी काढून ठेवलेलं

माझ्या मैत्रिणींना बा एकच प्रश्न विचारायचे. "आईनं किती वाजता घरी बोलावलंय?"

आमच्या बेटावरच्या पितों गावातल्या आमच्या पत्र्याच्या घरी कुणी मुलगी पहिल्यांदा आली, की ते पडवीतल्या बाकावरून उठत आणि हा प्रश्न टाकत. जिला वेळ सांगता येई, तिला लिंबाचं सरबत मिळे. जी म्हणे, "काही सांगितलं नाही," तिलाही सरबत मिळे, पण अर्ध्या तासात बा स्वतः तिला तिच्या दारात सोडून येत. अशा मुली पुन्हा आमच्याकडे फिरकत नसत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. शाळेत मुली आमच्या घराला पोलीस ठाणं म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

बांचं असं का होतं, ते मला घरातूनच कळलं होतं. मी लहान असताना ते रोज संध्याकाळी उसातून सुटले की सोबत्यांबरोबर दुकानाच्या मागे रम प्यायला बसत. एकदा ते पाटात पडले. सोबती पांगले, आणि नव्या प्रार्थनागृहातल्या एका अनोळखी माणसानं त्यांना उचलून घरी आणलं. बा त्या माणसामागून प्रार्थनेला जायला लागले, रम सुटली, आणि वर्षभरात आम्ही तिघं ख्रिस्ती झालो. गावातल्या मराठी माणसांनी काही दिवस तोंडं फिरवली, मग लग्नकार्याला बोलावू लागली.

"मला रमनं नाय बिघडवला," बा म्हणत, "कामरादांनी बिघडवला." सोबत्याला आमच्याकडे सगळे कामरादच म्हणतात. त्यावर ते आपल्या आईची म्हण जोडत: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. धर्म बदलला तरी म्हणी बदलल्या नव्हत्या. या जोडीतली मी कोण, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

दोन घरं सोडून राहणारी माझ्या वर्गातली एक मुलगी या परीक्षेत पहिल्या झटक्यात उतरली. तिचं घर मराठी, हिंदू. तिच्या ओट्यावर दरवर्षी गणपती बसे. बांनी प्रश्न विचारताच ती म्हणाली, "साडेपाचला. आणि उशीर झाला तर आई काठी घेऊन येणाराय." बा मोठ्यानं हसले. माझ्या मैत्रिणीच्या बोलण्यावर त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ती आमच्याकडे आणि मी तिच्याकडे, असं आमचं रोजचं झालं. बांची अट एकच होती: तिच्या घरी देवापुढे ठेवलेलं काही खायचं नाही.

मी दहा वर्षांची असताना गणपतीत ती अट मोडली. कारखाना चालू होता, सगळ्या गावात उसाच्या रसाचा उग्र गोड वास भरला होता, आणि मैत्रिणीच्या आईनं नारळ आणि तांबूस साखरेचं सारण भरून मोदक तळले होते. आरती झाली, ताट फिरलं, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. दोन खाल्ले. तिसरा रुमालात गुंडाळून खिशात टाकला. तो आईसाठी होता. तिच्या माहेरी मोदक कसे व्हायचे हे ती मला वेणी घालताना सांगायची, आणि ख्रिस्ती झाल्यापासून तिनं एकही खाल्ला नव्हता.

तो तिला द्यायला काही मला जमलं नाही. बा घरातच होते. मी फ्रॉक खुंटीला अडकवला आणि विसरले. मुंग्या विसरल्या नाहीत. सकाळी भिंतीवरून खिशापर्यंत त्यांची रांग लागली होती. आई फडक्यानं त्या झटकत होती, तेवढ्यात बा आत आले आणि त्यांनी खिशात हात घातला.

"हा कुठला?"

"शाळेत दिला," मी म्हणाले.

"शाळेत मोदक देतात?"

मी हो म्हणाले. इतकी मूर्ख मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही, आणि संधी बऱ्याच आल्या.

बा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, मोदक हातातच होता. "मोदकाचं मी देवाशी बघून घेईन," ते म्हणाले. "पण मांती कुठनं शिकलीस?" मांती म्हणजे खोटं. "मी पण असाच सुरू झालो होतो. तुझ्या आईला सांगायचो, कामावर थांबवून घेतला."

मग त्यांनी मला हाताला धरलं आणि तडक मैत्रिणीच्या घरी नेलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण तिच्या आईपुढे ते उन्हात टोपी काढून उभे राहिले.

"वैनी, तुमच्याकडं काय वाईट नाय. चूक आमच्या पोरीची हाय. पण जिथं तिला घरी येऊन मांती बोलायला लागेल, तिथं मी तिला पाठवू कसा?"

काकींचा चेहरा तांबडा झाला. "माझ्या घरात कोणाला मांती शिकवीत नाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मैत्रीण दाराआडून बघत होती. त्या दिवसापासून माझं तिच्याकडे जाणं बंद झालं आणि तिचं आमच्याकडे येणंही. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, पण शाळा सुटली की ती रस्त्याच्या त्या कडेनं आणि मी या कडेनं. मी बांचा मनापासून राग केला. रात्रीच्या प्रार्थनेत डोळे मिटून मी फक्त तिलाच परत मागत होते. दुसरी मैत्रीण मला नकोच होती.

असं वर्ष गेलं. पुढच्या गणपतीला सकाळीच ती आमच्या पडवीत येऊन उभी राहिली. "काका, आईनं सांगितलंय, हिला पाठवा. मांती बोलायला लागणार नाय."

बांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जा."

तिच्या घरी देवापुढे मोदकांचं ताट होतं. त्याकडे मी बघायचंही टाळलं. काकींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, फळीवरून एक झाकणाचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "हे देवापुढं गेलं नाय. आधीच काढून ठेवलंय. खा. आणि हे दोन तुझ्या आईचे."

मी खाल्ले. शेजारी बसलेली मैत्रीण हळूच म्हणाली, "आजोबा सकाळपासून आईशी बोलत नाहीत."

"का?"

"देवाच्या आधी काढलं म्हणून."

घरी आले तेव्हा बा बाकावर वाट बघत होते. मी डबा पुढे केला आणि काकींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आजोबांचंही सांगितलं. बांनी झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"लहानपणी नैवेद्याच्या आधी मी एकदा सारण चाखलं होतं," ते म्हणाले. "आईनं हातावर पळी मारली होती."  डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. डबा त्यांनी स्वतः आत नेऊन आईच्या हातात दिला. आईनं दोन्ही मोदक चुलीपाशी उभ्यानंच खाल्ले, सावकाश. माझं येणंजाणं त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. 

त्या नाताळात बांनी मैत्रिणीला जेवायला बोलावलं. आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो; गुलमोहर फुलला होता, लिचीचे घोस दारात टांगले होते, आईनं कोंबडीचा रस्सा केला होता आणि केक भाजला होता. आमच्या घरचा नियम असा, की प्रार्थना होईपर्यंत शिताला बोट लावायचं नाही. भूक लागून मी रडले तरी तो कधी मोडला नव्हता. सगळे बसलो. बांनी प्रार्थनेला डोळे मिटायच्या आधी एक रिकामी थाळी ओढली, भात वाढला, रस्सा वाढला, केकचा तुकडा ठेवला आणि थाळी झाकून मैत्रिणीपुढे सरकवली.

"हे आधी काढलंय," ते तिला म्हणाले. "यावर आमची प्रार्थना नाय झाली. घरी बिनधास्त सांग."

मैत्रीण खो खो हसली. "काका, मला तुमची प्रार्थना चालते की!"

"तुला चालत असेल. आजोबांचं काय?"

तिनं थाळी घेतली, पण प्रार्थना संपेपर्यंत घास उचलला नाही. आमच्याबरोबरच जेवली.

ऊन उतरलं तशी आम्ही दोघी दारात लिचीच्या बिया लांब फेकायची शर्यत लावत होतो. बा बाकावरून उठले. मी मनात म्हटलं, झालं, सुटका नाही.

"आईनं किती वाजता घरी बोलावलंय?" त्यांनी विचारलं.

"आई म्हणाली," ती म्हणाली, "काका म्हणतील तेव्हा."