वरणात कुस्करलेला रोडगा

पन्नाशी उलटली की सहलीची खरी मजा घरी परतून पाय धुण्यात असते, असं माझं मत त्या वर्षी अगदी पक्कं झालं होतं. आठवडाभर कचेरीत मान मोडायची आणि पौषातला एक रविवार बसच्या धक्क्यांत घालवायचा. बुलढाण्याहून घाट उतरून नांदुऱ्याला यायचं, तिथे धान्याच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या मित्राला सोबत घ्यायचं, दुसऱ्या बसने वरवट बकाल गाठायचं, आणि पुढे आमच्या शेतकरी मित्राच्या बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. कशासाठी, तर निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांसाठी. आम्ही तिघे शाळेत एका बाकावर होतो. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून दर पौषात त्याच्या शेतात रोडगे करायचे, हा आमचा नेम.

यंदा जेवणं झाली की सांगून टाकायचं, बाबा रे, आता पुरे, असं मी ठरवूनच निघालो होतो. दिवाणजीच्या कानावर बसमध्येच घातलं, तर त्याने सुटलो एकदाचे असा चेहरा केला. त्याचेही गुडघे धरले होते. फक्त सांगायचं कुणी, यावर आमचं काही ठरेना.

शेतात सगळं नेहमीसारखंच होतं. विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, म्हणून वरणासाठी गावातून गोड्या पाण्याची घागर आणलेली. कणकेला तेलाचा हात लावून, पदर घालून गोळे वळायचं काम माझ्याकडे. विस्तव मात्र शेतकऱ्याच्या ताब्यात. गोवऱ्यांना काडी लावायचाही मान तो कुणाला देत नसे. रोडगा आतपर्यंत भाजला गेला पाहिजे, तोवर निखाऱ्यात हात घालायचा नाही, हा त्याचा कायदा. दुसरा कायदा याहून कडक. पहिला रोडगा कोरडाच खायचा, फोडून वर तूप घालून. तो वरणात कुस्करणाऱ्याला हा बुढा म्हणायचा आणि गाडी बसथांब्याला लागेपर्यंत त्याची टर उडवायचा. एका वर्षी माझी दाढ ठणकत होती तेव्हा मी हे भोगलं आहे.

त्या दिवशी मात्र रोडगे घालून फार वेळ झाला नव्हता, तोच त्याने चिमट्याने बाहेर काढायला सुरुवात केली. दिवाणजी विहिरीवर वांगी धूत होता. मी एक फोडून पाहिला, आत नुसतं पीठ. माझं डोकंच फिरलं. इतक्या लांबून कच्ची कणीक खायला आलो काय, असं म्हणत मी सगळे रोडगे परत निखाऱ्यात लोटायला लागलो. त्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे नं बे," तो हळूच म्हणाला. "दाढा गेल्या माह्या. दोन्ही बाजूच्या. दिवाळीच्या आधीच काढल्या."

समोरचे दात शाबूत होते, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं, मग सांगायचं नाही का? वरणात कुस्करून खाल्ला असतास.

"अन् मंग तुमी म्हनसान, आता झालं, बंद करू. तुमाले तं निमित्तच पाह्यजे. मले का समजत नाई? दोन सालापासून तुमी इथं आले की पयले परतीची बस इचारता." तो चिमट्याने राख उकरत राहिला. "त्याले नको सांगू."

मला त्याचा रागही आला होता आणि वाईटही फार वाटत होतं. आम्ही तोंड चुकवत होतो ते त्याला केव्हाच कळलं होतं. मी रोडगे निखाऱ्यात लोटले आणि या वेळी त्याने मला अडवलं नाही.

जेवायला बसलो तेव्हा रोडगे खरपूस झाले होते. दिवाणजीने आपला फोडला, तूप घातलं. शेतकरी आपला रोडगा हातात घेऊन नुसता राख झटकत बसला होता, झटकायला काही उरलं नव्हतं तरी. माझे दात तेव्हा धड होते. मी माझा रोडगा फोडला, द्रोणातल्या वरणात टाकला आणि दिवाणजीला दिसेल अशा बेताने कुस्करायला लागलो.

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"बुढा झाला बे तू," तो म्हणाला. मग आपला रोडगा फोडून त्यानेही वरणात टाकला. "आता तू एकटा बरा नाई दिसत."

दिवाणजी दोघांनाही हसला. जेवणं झाल्यावर तो माझ्याकडे सारखा पाहत होता, आता सांग म्हणून. मी पान लावत बसलो. गाडीत शेतकऱ्याने मला थांब्यापर्यंत बुढा म्हणून छळलं, आणि मी छळू दिलं. बस सुटताना त्याने खिडकीशी येऊन पुढच्या पौषाचं विचारलं. माझी कंबर मोडली होती आणि अजून सगळा घाट चढायचा होता. मी येतो म्हणालो.