नागेशचं चाक आणि सुमेधाची मडकी

शेजारच्या सुमेधाबद्दल लिहायला बसले की अजूनही माझं डोकं फिरतं. ती कुंभाराची लेक आणि कुंभाराचीच सून. रोज सकाळी नवऱ्याबरोबर, नागेशबरोबर, इथे आखातात, अल नहदाहून उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपला जाते. तो विजेच्या चाकावर कुंड्या काढतो. ती माती मळते, कुंड्या घासते. चाकाला मात्र तिने शिवायचं नाही. बाईच्या हाताने चाक विटाळतं म्हणे! गाव सुटलं, चाकाला वायर लागली, पण ही रीत त्यांनी बॅगेत घालून इथवर आणली.

यंदा एका प्रदर्शनाची ऑर्डर आली. मध्य युरोपातल्या पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांची, सात हजार वर्षांपूर्वीची मडकी हुबेहूब करून हवी होती. करवंटीसारखं गोल बुड, अंगावर कोरलेल्या रेघांचे पट्टे. नागेशने दोन दिवसांत बारा काढली. प्रदर्शनाचं काम बघणारी अफशा आली, एका मडक्यात बोट फिरवलं आणि वैतागली.

"भाऊ, हे सगळं खलास! चाकावरचं आहे, आत गोल रेघा लागतायत. त्या लोकांकडे चाकच नव्हतं. मेलमध्ये लिहिलं होतं, वाचलं नाही?"

नागेशला हाताने घडवता येत नव्हतं. सुमेधाला येत होतं. चाक मिळालं नाही म्हणून तर माहेरी आईबरोबर चुली, रांजण ती हातानेच करायची. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, थापीने ठोकत तिने आठवड्यात बारा मडकी उभी केली. सुट्टीच्या दिवशी मी सोबत गेले होते. ती रेघा ओढत होती आणि हा बाजूला मोबाईल बघत बसला होता.

भाजलेली मडकी न्यायला अफशा आली, तेव्हाही मी तिथेच होते.

"परफेक्ट! पाटीवर मेकरचं नाव टाकायचंय. कुणाचं?"

"नागेश," नागेश म्हणाला. लाज कशी वाटली नाही मेल्याला!

"आणि ताईंचं?"

"ती हेल्पर हो. चाक माझं आहे."

मी तोंड उघडणार, तोच सुमेधाने माझा हात दाबला. एक मडकं उचलून तिने नवऱ्याच्या मांडीवर आदळावं तसं ठेवलं.

"अहो, दाखवा. यात चाक कुठंय?"

अफशाने पेन काढलं.

"ताई, स्पेलिंग सांगा."

सुमेधाने एकेक अक्षर सांगितलं, नवऱ्याकडे बघत.