डाव्या गालावरचा तीळ

खडूमास्तर निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "तीस वर्षं चित्रकला शिकवली. एकही पोरगा चित्रकार झाला नाही. माझ्या हाताला यश आहे."

आक्का त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनंच त्यांना वाढवलं. आपण काढलेलं एक तरी चित्र तिला पटावं, एवढीच मास्तरांची हौस. रंगीत खडूनं त्यांनी तिला बारा वेळा काढलं. बाराही वेळा आक्का म्हणाली, "छान आहे रे. पण ही बाई कोण?"

आता ती कायमची लेकीकडे राहायला निघाली होती. तिला न्यायला आलेल्या भाचीला बारावं चित्र हवं होतं. मास्तरांनाही तेच हवं होतं.

"त्यात काय! ओल्या कागदावर नक्कल काढतो. डाव्या हातचा मळ."

त्यांनी कागद परातीत भिजवला, जुन्या टॉवेलात दाबून टिपला, चित्रावर पालथा घातला. मग चमच्याच्या पाठीनं घासू लागले. छाती फुगली होती. कोपरा धरून कागद उचलला आणि फुगलेली छाती खाली बसली.

मूळ चित्र निम्मं पुसट झालं होतं. नक्कल ठसठशीत उमटली होती, पण उलटी. उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर. भांगही फिरलेला.

"मामा, उलटी येणार हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं गं. वर्गात तीस वर्षं हेच सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं. त्यात मीही आलो. तेल गेलं, तूप गेलं, हाती हा चमचा राहिला."

तेवढ्यात आक्का आली. मास्तरांनी नक्कल पाठीमागे लपवली.

"दाखव."

"बिघडलंय."

"बारा वेळा दाखवलंस, तेव्हा लाजला नाहीस. दाखव!"

आक्कानं चित्र बराच वेळ पाहिलं. मग बेसिनवरच्या आरशाशी गेली. एकदा आरशात पाहिलं, एकदा चित्रात.

"ही मी," ती म्हणाली. "रोज सकाळी वेणी घालताना हीच तर समोर असते."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. "बारा चित्रं मी काढली. पटलं ते कागदानं काढलेलं."

"आणि कागद कुणी भिजवला, शहाण्या?"

नक्कल आक्काच्या बॅगेतून गेली, घडीच्या कपड्यांच्या मधोमध. पुसट आक्का मास्तरांच्या भिंतीवर राहिली. तिच्यावर खडू फिरवायला ते अजून तयार नाहीत.

"माझा हात लागला," ते म्हणतात, "की ही बाई कोण, हे मलाच विचारावं लागेल."