पास्कलची शेगडी आणि गॅसवाला

सुहृदहो,

आज दुपारी इथे आखातात, दार्सैतला, पास्कलच्या गच्चीवर मी आपोआप चालणारी गॅसची शेगडी बसवली. वसईचा हा माझा मित्र वर्षानुवर्षे घरी बिअर करतो. मी तिला स्पर्श करत नाही. परंतु सातूचा काढा उकळेपर्यंत जरा अंतरावर पोथी वाचत त्याला सोबत करण्याचा माझा नेम आहे.

अलीकडे त्याला विस्मरण जडले. ज्योत तशीच जळत राहू लागली, तेव्हा सिसिलियावहिनींनी पातेले विकायला काढले. "भावजी, शेगडी आपली आपण विझली, तरच हे चालू ठेवीन," त्या म्हणाल्या.

म्हणून तापमापकाची तार काढ्यात सोडली, नळी जोडली. ठरवलेल्या उष्णतेला ज्योत स्वतः विझली, काढा निवताच पुन्हा पेटली. वहिनींनी डोळे पुसले. मी आनंदाने पास्कलकडे वळलो.

एरवी तो मला 'शास्त्रीबुवा' म्हणून चिडवतो. आज वहिनींना म्हणाला, "गो, गॅसवाल्याला चहा दे. उन्हातून आलाय बिचारा."

मी चहा घेतला. निघताना त्याने आयुष्यात प्रथमच मला 'तुम्ही' म्हटले: "शेगडी बघायला परत याल ना तुम्ही?"

उद्या जाणार आहे. सांगा, नाव सांगून त्याला ओशाळे करू, की गॅसवाला होऊनच शेजारी बसू?