पंचावन्न वेढ्यांची मोटर

आठवडाभर चाकणच्या कंपनीत तो लाइनवर कामाला असतो आणि मी त्याच्या पाठीमागे स्टॉपवॉच घेऊन त्याच्या कामाचे सेकंद मोजत उभा असतो. तिथं तो मला 'साहेब' म्हणतो. रविवारी ताथवड्याच्या माळावर आम्ही रिमोटच्या छोट्या गाड्या दगडांवर चढवतो, तिथं मात्र मी 'राव' असतो.

परवा मी माझ्या गाडीला नवी, सुसाट मोटर बसवून गेलो. सपाटीवर गाडी भन्नाट पळाली, पण दगड आला की एकदम उसळायची आणि उताणी पडायची. तो पोट धरून हसला.

"राव, शर्यत हाय का इथं? आपल्याला पळणारी न्हाई, रांगणारी मोटर लागती."

माझी मोटर काढून त्यानं तिचा दांडा दोन बोटांत फिरवला, कानाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. मग खिशातल्या रुमालात गुंडाळलेली स्वतःची मोटर काढली.

"बारा वेढे तारेचे तुमच्या मोटरला, हिला पंचावन्न. वेढे वाढले की पळ कमी अन् जोर जास्त."

त्यानं ती बसवली आणि रिमोट हातात घेतला. गाडी गोगलगायीसारखी दगडावर चढू लागली. अर्ध्यात थांबली, तरी मागं घसरली नाही. मला राहवेना. मी मोबाइल काढला आणि सेकंद मोजायला लागलो.

त्यानं गाडी जागीच थांबवली.

"काय साहेब," तो म्हणाला, "आज बी?"

मी मोबाइल खिशात टाकला. गाडी पुन्हा हलली, आधीपेक्षाही हळू.