मागच्या सीटपर्यंत

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बस स्टँडवर भोजराज फुंडेनं ‘लांजी, आमगाव, गोंदिया’ अशी हाक दिली, की पलीकडच्या टपरीवरचा पॅसेंजर अर्धा चहा टाकून उठायचा. अठ्ठावीस वर्षं त्यानं खासगी गाड्यांची तिकिटं फाडली, भोंगा कधी हातात धरला नाही. गाडी भरली की पत्र्यावर दोन थापा. ड्रायव्हर मागं न बघता गाडी काढायचा.

या आवाजापायीच मराठी मंडळानं गणपतीतल्या कविता-पाठांतराचं काम त्याच्या गळ्यात टाकलं. मंडळातली म्हातारी माणसं विदर्भातून आलेल्या घरांतली. पोरं मात्र शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, आईशीही हिंदी. वर्षातून एक दिवस तरी यांच्या तोंडून मराठी निघावी, एवढीच आस. श्रावण लागला की भोजराज पोरांना हॉलमध्ये उभं करायचा आणि स्वतः शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसायचा. आवाज मागच्या सीटपर्यंत आला पाहिजे, हा त्याचा एकच नियम. सोबत हातवारे. जमलं की खुर्चीला दोन थापा, म्हणजे पास. थापा पडल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. लिपी एकच, त्यामुळे पोरं धडाधडा वाचत, आठ दिवसांत पाठ करत. अर्थ त्यानं कुणाला विचारला नाही आणि त्यालाही कुणी विचारला नाही.

मंडळाचा हिशेबनीस हिरालाल एकदा बोललाच, “भोजराजभाऊ, पोराईले तिकीट त फाडून देल्लं, गाव कोनतं ते सांगतलं काय?”

“तोंडात त बसू दे पयले,” भोजराज म्हणाला. “डोक्यात उतरते मंग आपोआप.”

त्याची सगळ्यात पक्की चेली म्हणजे नात पिंकी. चार वर्षं लागोपाठ पहिली. घरात मात्र भोजराजचं मराठी फक्त बायकोशी होतं. दुर्गाबाई गेली तसं तेही सरलं. मुलगा लोकेश मलाजखंडला खाणीत, रविवारचा यायचा. सून मंजू जबलपूरची. म्हातारा त्यांच्याशी हिंदीत बोलायचा, आणि झकास बोलायचा.

यंदा वैशाखात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं. महिन्याभरानं जीभ जराशी वळू लागली, तर तिच्यावर हिंदी नव्हतीच. जिच्यावर उभी हयात पोट भरलं ती भाषा धुऊन गेली आणि आईची तेवढी उरली, तीही अडखळत. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. आईबापाचं ऐकून लोकेशला मराठी कळायची, म्हणून मंजूनं फोन म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरून पाहिला, पण लोकेशला पलीकडं नुसती घरघर ऐकू यायची. शेवटी एका रविवारी लोकेश बापाच्या उशाशी बसला आणि भूक, लघवी, डोकं असे रोजचे शब्द त्यानं पिंकीला सांगितले. तिनं ते हिंदी अर्थासकट कागदावर लिहून खाटेच्या वर भिंतीला चिकटवले. अकरा शब्द भरले. म्हाताऱ्याचा संसार त्या अकरा शब्दांत आला.

मंजू काही वाईट नव्हती. ठरल्या वेळी त्याला वळवायची, पावडर लावायची. पण बाराव्या गोष्टीला तिच्याजवळ इलाज नव्हता. तो बोलायचा, ती “हाँ बाबूजी” म्हणायची.

यंदा शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून पिंकीनं तीन वर्षांमागची जुनीच कविता घेतली, लांजीच्या कुण्या मास्तरानं मंडळासाठी लिहून दिलेली, रोवणीची, म्हणजे भातलावणीची. स्पर्धेच्या दिवशी मंजूनं दोन वाजता म्हाताऱ्याला डाव्या अंगावर वळवलं, पाठीशी उशा लावल्या, शेजारच्या आनंदीला दाराशी बसवलं आणि पिंकीला घेऊन ती हॉलवर गेली.

परत यायला साडेपाच झाले. तोवर भोजराजचा डावा खुबा विस्तवावर ठेवल्यासारखा झाला होता. मंजू बाहेर आनंदीपाशी थांबली, पिंकी नऊवारीत, हातात शील्ड घेऊन धावत आत आली.

“कूस,” तो म्हणाला. “पिंके, कूस पालट माही.”

तिनं भिंतीवरच्या कागदाकडं पाहिलं. अकरांत हा शब्द नव्हता.

“सुनाऊँ, दादाजी?” म्हणत ती दारापर्यंत मागं सरकली, हात जोडले आणि सुरू झाली.

“रोवणीच्या चिखलामंदी पाय माझे रुतले,
मातीनं पालटली कूस, हिरवे दिवस फुटले.”

‘कूस’ म्हणताना तिनं उताणा तळहात सावकाश पालथा केला. मनगट धरून त्यानंच तिला ते शिकवलं होतं.

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. “हेच,” तो म्हणाला. “हेच पोरी. कूस. मले.”

“फिर से?”

पिंकी खूष झाली. आणखी एक पाऊल मागं, उंबऱ्यापाशी गेली आणि दुप्पट आवाजात तीच ओळ म्हणाली. आवाज गल्लीच्या टोकाला गेला. बाहेर आनंदीनं टाळ्या वाजवल्या. तळहात पुन्हा तसाच, सुरेख पालथा झाला.

भोजराज त्या तळहाताकडं बघत राहिला. पोरीच्या तोंडात शब्द पक्का बसला होता. त्याच्याजवळ मात्र आता दुसरा नव्हता, आणि होता त्यालाही आवाज उरला नव्हता. पिंकी हात सोडून ताठ उभी होती, नजर त्याच्या बोटांवर. थापा पडल्या नाहीत तर ती तिसऱ्यांदा म्हणणार होती.

त्यानं डावा हात उचलला आणि खाटेच्या लाकडावर दोन थापा दिल्या.

पिंकीनं शील्ड त्याला दिसेल असं फळीवर ठेवलं आणि लुगडं बदलायला आत गेली. मंजूची वळवायची वेळ सातची होती.